पाच फेब्रुवारीचे अध्याय

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सलाम.

१. १९ फेब्रुवारीला दुपारी दोनच्या सुमारास आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एका रोग्याचा श्वास मंदावला. वय एक्केचाळीस, धंदा सुतारकाम. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं होतं.

२. त्यांना वेदना थांबवणारं औषध पंपातून चालू होतं. तासाला पाच मिली जायला हवं होतं. सकाळपासून त्याहून बरंच जास्त गेलं.

३. ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. श्वासाच्या यंत्रावर आहेत.

४. पंप लावणाऱ्या सिस्टरना वीस तारखेला घरी बसवलं. आरोप असा की आकडा चुकीचा लावला. त्या म्हणतात, पाचच लावला होता.

५. त्या पंपाची सहामाही तपासणी ५ फेब्रुवारीला माझ्याकडे होती. वहीत नोंद आहे: साठ लावून एका तासात साठ मिली, बरोबर. खाली माझी सही.

६. पंप आता माझ्या कामाच्या खोलीत, माझ्या कुलपात आहे. तो पुन्हा तपासून मी २० मार्चपर्यंत अहवाल द्यायचा आहे.

तू फोनवर "काय झालं ते नीट लिही" म्हणालीस, म्हणून क्रमाने लिहिलं. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं.

बायबलवाचनाचं विचारलंस. चालू आहे. तापात सहा दिवस गेले तेव्हा वीस अध्याय मागे पडले होते, ते मी भरून काढले. आता तक्त्याप्रमाणे तुझ्या बरोबरीने आहे. महिन्याच्या नोंदींचं पान नेहमीप्रमाणे अखेरीला पाठवीन.

सुतारांची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. मी जिन्याने जाते, म्हणजे तिच्यासमोरून जावं लागत नाही. जिना लांब पडतो. चाळीस पावलं.

तुझी,
भाची

*

२६ फेब्रुवारी

प्रिय मिनिटराणी,

सलाम आणि दोन्ही गालांचे पापे. अगं, हे पत्र आहे की पंचनामा? दुःखाला आकडे घालून लिहिणारी तूच एक. लहानपणी सुद्धा पडलीस की आधी गुडघ्यावरचं खरचटलेलं मोजायचीस आणि मग रडायचीस. पण फोनवर बोलायचं तर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू बोलत नाहीस, तेव्हा पत्रच बरं.

वाचून फार वाईट वाटलं. त्या सुताराचं, त्याच्या बायकोचं, आणि हो, तुझंही. कुणाच्या तरी हलगर्जीपणापायी तुला अहवाल लिहीत बसावं लागणार. शुक्रवारी बायकांच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, एका सिस्टरच्या हातून माणूस मरणाच्या दारात गेला आहे आणि ती अजून "मी नाही केलं" म्हणतेय. तिचं मन मऊ व्हावं, तिला कबुलीची बुद्धी व्हावी म्हणून प्रार्थना करा. सगळ्यांनी केली. बेकरीवाल्या बाई तर रडल्या, पण त्या जाहिरातीलाही रडतात.

मग तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, आमची मुलगी यंत्र तपासताना सुद्धा बायबल सोडत नाही. पंप तासभर चालतो, तेवढ्या तासात तिचे अध्याय होतात. सगळ्या "अहाहा" करायला लागल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आमची मुलगी त्या तासात फोन बघत बसली असती." मी जरा फुगलेच. फुगायला नको होतं, पण आईबाप गेलेली सहा वर्षांची पोर शिवणाच्या मशीनखाली बसवून वाढवली आहे मी, तर थोडं फुगेन.

त्या सिस्टरला भेट. रागावू नकोस तिच्यावर. सांग की लपवलेलं आतल्या आत कुजतं, बोललं की माणूस मोकळा होतो. आखानाची गोष्ट सांग तिला, आपल्या तक्त्यात दोन दिवसांत येईलच. तंबूत लुटीचा माल पुरून ठेवलेला असेपर्यंत सगळ्या छावणीला चैन पडली नव्हती.

शिवणवर्गात यंदा नऊ मुली आहेत. एकीला सरळ शिलाई येत नाही, पण गप्पा फार सुंदर मारते.

तुझी आत्या

*

२ मार्च

प्रिय आत्या,
सलाम.

सिस्टरसाठी ती प्रार्थना थांबव. आधी ते कर, मग पुढचं वाच.

मागच्या पत्रातला पाचवा मुद्दा मी अशा शब्दांत लिहिला होता की तो खोटा ठरू नये. आता नीट लिहिते.

तपासणी अशी असते. पंपावर साठचा आकडा लावायचा, नळीचं टोक मोजपात्रात सोडायचं आणि एक तास थांबायचं. तासाने पात्रातलं पाणी डोळ्यांच्या पातळीला आणून वाचायचं. साठच्या आसपास असेल तर पंप चांगला. या तासात दुसरं काही करायचं नसतं असं नाही. मी वाचते, ते वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. गेली चार वर्षं गजर वाजला की पुस्तक मिटायचं, खाली वाकायचं, आकडा वाचायचा, असं चालू आहे.

पाच तारखेला मी वीस अध्याय मागे होते. लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायापासून सुरुवात केली. सत्ताविसावा संपवायचाच असं ठरवलं होतं. गजर वाजला तेव्हा सव्विसाव्यात होते. गजर बंद केला, वाचतच राहिले, सत्ताविसावा संपला. एका तासात बारा अध्याय. मग तक्त्यावर बारा खुणा केल्या आणि त्याच पेन्सिलीने, त्याच झटक्यात, तपासणीच्या वहीत "साठ" लिहिलं. पाणी सिंकमध्ये ओतलं. मी वाकले नाही, आत्या. मी पात्राकडे पाहिलंच नाही.

सोबत फेब्रुवारीचं पान आहे. पाच तारखेच्या ओळीत वेळ बघ: दहा वाजून पाच ते अकरा दहा. पुढे अध्यायांवर माझं एका ओळीचं मनन आहे: "नियम. पुष्कळ." त्या बारांतल्या एकोणिसाव्या अध्यायात खऱ्या मापांची आज्ञा आहे. माझ्या डोळ्यांखालून ती गेली असणार. मला आठवत नाही.

२७ तारखेला दार लावून मी पंप तपासला. साठच्या जागी एक्क्याण्णव. पुन्हा तपासला. ब्याण्णव. आत नळी दाबून धरणारी बोटभर दाबपट्टी झिजलेली आहे. ही झीज काही महिन्यांची आहे, म्हणजे पाच तारखेला मी वाकले असते तर मला दिसलं असतं. सिस्टरनी पाचच लावला होता.

तशीच नवी दाबपट्टी माझ्या खणात पडून आहे. बदलायला अकरा मिनिटं लागतात. मग पंप साठ दाखवील आणि अहवाल सिस्टरच्या विरुद्ध जाईल. कुणालाही कधी कळणार नाही.

परवा आखानाचा अध्याय आला. तो मी शेवटपर्यंत वाचला. रविवारच्या वर्गात तू आम्हाला ही गोष्ट सांगताना तो कबूल करतो तिथे थांबायचीस आणि आम्ही गाणं म्हणायचो. त्यापुढे लिहिलंय की त्याला दगडमार केला. त्याच्या मुलामुलींसकट. कबुलीनंतर, आत्या. त्याने सगळं सांगितल्यानंतर. हे तू कधीच का सांगितलं नाहीस?

त्यानंतर मी पुस्तक उघडलेलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी वर्षं वाचत होते की खुणा करत होते, हेच मला आता ठरवता येत नाही. मला खूप भीती वाटते. काय करू?

तुझी,
भाची

*

६ मार्च

बाळा,

मिनिटराणी म्हणायचं आज धाडस होत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शिवणवर्गाला सुट्टी दिली, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग ते पान घेतलं, तुझं फेब्रुवारीचं पान, आणि फाडलं. बारीक बारीक तुकडे केले. देवाचं वचन लिहिलेलं पान मी आजवर कधी चुरगाळलं सुद्धा नव्हतं. आता तो कागद नाही. तुझ्याविरुद्ध तुझ्या शब्दाखेरीज काही नाही, आणि तो शब्द तू काढायचा नाहीस.

ती पट्टी बदल.

हो, मीच लिहितेय हे. मला ठाऊक आहे मी तुला काय काय शिकवलंय. तू विचारलंस की आखानाचं पुढचं का सांगितलं नाही. समोर सहा-सात वर्षांची पोरं, त्यात तू पहिल्या बाकावर, नुकते आईबाप पुरलेली, टक लावून बघणारी. तुला मी काय सांगू, की देव मुलांसकट मारतो? मी थांबायची कारण मला स्वतःला तिथून पुढे जाता येत नव्हतं. अजून येत नाही. तो अध्याय आला की मी शेवटची दोन वचनं न वाचता खूण करते. दरवर्षी. घे, हे माझंही ऐक.

पण त्याच पुस्तकात, त्याच्याआधी चारपाच पानांवर राहाब आहे ना? घरात हेर लपवलेले, दारात राजाची माणसं उभी, आणि ती धडधडीत खोटं बोलली, म्हणाली ते लोक गेले, कुठे ते मला माहीत नाही. आणि लपवलेल्यांचा जीव वाचला, तिचं घर वाचलं, वर तिचं नाव राहिलं. मग देवाला काय तेव्हा कळलं नव्हतं? आपल्या माणसाला वाचवायला बोललेलं खोटं तो धरत नसेल. नसेलच धरत.

सिस्टरला दुसरीकडे काम मिळेल. सिस्टर कुठेही लागतात. तुला कोण हातात यंत्र देईल? पोलीस, कोर्ट, वर्तमानपत्र. आणि मला कोण आहे गं तुझ्याशिवाय? साठ वर्षांची बहिरी शिंपीण मी. तो सुतार काय, देवाच्या दयेने उठेलही. मग एवढं सगळं कशासाठी?

अकरा मिनिटं. मी तुझ्यासाठी एकवीस वर्षं दिली, तू मला अकरा मिनिटं दे.

आत्या

*

११ मार्च

बाळा,

पाच दिवस झाले, पत्र नाही. फोन लावला तर तू "कामात आहे" म्हणालीस, पुढचं मला ऐकू आलं नाही किंवा तू बोललीच नाहीस. केलंस का ते? एका शब्दात लिही.

शुक्रवारी सभेत त्यांनी पुन्हा त्या सिस्टरसाठी प्रार्थना घेतली. थांबवा म्हणू तर कशी? काय सांगू? मी मान खाली घालून बसले. बेकरीवाल्या बाईंनी माझा हात धरला, त्यांना वाटलं मी कळकळीने प्रार्थना करतेय.

मला झोप नाही. वाचायला बसते आणि ओळी नुसत्या पुढून जातात. तू काय म्हणत होतीस ते कळतंय आता.

पण एक सांगते आणि हे मनापासून सांगते. तू तोंड उघडलंस, स्वतःच्या हाताने स्वतःला बुडवलंस, तर या दारात येऊ नकोस. मला ते बघवणार नाही. तुझ्या बापाला मी कबरेशी शब्द दिला होता की पोरीला काही होऊ देणार नाही.

आत्या

*

१७ मार्च

प्रिय आत्या,
सलाम.

सुतार ८ मार्चला पहाटे गेले. तुझं सहा तारखेचं पत्र मला त्याच दिवशी मिळालं. ते उठतील असं तू त्यात लिहिलं होतंस.

१० तारखेला मी पट्टी बदलली. तुझं ऐकलं. साडेदहाला सुरुवात केली, अकराला एकोणीस कमी असताना झाकण पुन्हा बसवलेलं होतं. मग तासाभराची तपासणी लावली आणि या वेळी पुस्तक जवळ ठेवलं नाही. पूर्ण तास पात्राकडे पाहत बसले. थेंब पडताना पाण्याची कड किंचित हलते आणि परत स्थिर होते. चार वर्षांत हे मी कधी पाहिलं नव्हतं. तासाने वाकले. साठ. अगदी साठ. अहवाल लिहिला, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं: "पंप तपासला. एका तासात साठ मिली." तो पाकिटात घातला. जुनी पट्टी डब्यात टाकायची होती, ती एप्रनच्या खिशात टाकली. का, ते माहीत नाही.

पाकीट चार दिवस टेबलावर होतं. तुझ्या फोनला "कामात आहे" म्हणाले, तेव्हा ते माझ्यासमोर होतं.

१४ तारखेला दुपारी सिस्टर आल्या. त्यांना आवारात यायला मनाई आहे. मागच्या, कपडे धुण्याच्या बाजूच्या दाराने आल्या होत्या. त्यांची तेवीस वर्षांची नोकरी आहे. औषध देताना आकडा मोठ्याने म्हणायची त्यांना सवय आहे. नव्या मुली त्यांची नक्कल करतात: "पाच म्हणजे पाच, पाच म्हणजे पाच."

त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा अहवाल झाला का गं?"

मी म्हणाले, "झाला."

"पंप चांगलाच निघाला असणार. तुझी तपासणी म्हणजे काय बघायचं." मग हात पुढे करून तळवे बघत राहिल्या. "मी पाचच लावला होता असं मी सगळ्यांना सांगितलं. पण आता रोज झोपेत मी आकडा लावते आणि तो वेगळाच असतो. पंप चांगला आहे, म्हणजे माझ्याच हातून झालं ना? नवरा म्हणतो, तुला आठवत नसेल. मला पण वाटायला लागलंय, नसेल आठवत."

त्यांनी पर्समधून कागद काढला. कबुलीजबाब होता. "माझ्या हातून आकडा चुकीचा लागला असावा" असं त्यांच्या अक्षरात. सही राहिली होती.

"तू प्रार्थना करणारी मुलगी आहेस," त्या म्हणाल्या. "सही करायच्या आधी माझ्यासोबत दोन शब्द बोल देवाशी. माझं मन धजत नाही एकटीचं."

आत्या, मी डोळे मिटले. खरंच मिटले, आणि तोंडही उघडलं. "हे प्रभू" एवढं म्हणाले. तुमच्या सभेत कबुलीची बुद्धी मागितली होती ना, ती बुद्धी या बाईला झाली होती. तिने जे केलं नाही ते ती कबूल करायला निघाली होती. हे मी मिटल्या डोळ्यांनी बघत होते आणि पुढचा शब्द येत नव्हता. आपण दोघींनी मिळून हे केलं. तू पान फाडलंस, मी पट्टी बदलली.

मी डोळे उघडले. खिशातून पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"ही त्या पंपातली. झिजलेली आहे. तुम्ही पाचच लावला होता."

त्यांना लगेच कळलं नाही. मी तुला लिहिलं तेच सगळं क्रमाने सांगितलं. वीस अध्याय, गजर, पेन्सिल, सिंक. मग हेही सांगितलं की मला २७ फेब्रुवारीपासून माहीत आहे.

त्यांनी मला मिठी मारली नाही. क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "बावीस दिवस. मी माझ्या नातीला उचलून घ्यायला घाबरत होते. हातातून पडेल म्हणून." आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "तू अजून वाचतेस का गं ते पुस्तक?"

मी म्हणाले, "नाही."

"मग आता वाच," त्या म्हणाल्या. टोमणा होता की आणखी काही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

काल, सोळा तारखेला, मी अधीक्षकांकडे लेखी जबाब दिला. जुनी पट्टी, नवी बसवल्याची तारीख, पाच फेब्रुवारीला न पाहता लिहिलेलं साठ, नंतरच्या तपासण्यांचे खरे आकडे. फाडलेल्या पानाचा उल्लेख केला नाही. ते तुझं आहे, ते सांगायचं की नाही हे तू ठरव. अधीक्षकांनी जबाब दोनदा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता तर मला कधीच कळलं नसतं." त्यात कौतुक नव्हतं. त्यांना ते कळायला नको होतं असं दिसलं. मला कामावरून काढलं आहे. पोलीस बोलावतील. सुतारांच्या बायकोला त्यांनी सांगायचं ठरलं होतं, पण मी म्हणाले, मला सांगू द्या. आज सकाळी सांगितलं. ती राहिलेले कागद न्यायला आली होती, त्याच बाकावर बसली होती. समोर उभी राहिले, जिन्याने गेले नाही. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग म्हणाली, "आता जा तुम्ही."

तुला वाटत असेल की मोकळं वाटलं असेल. तू तसं शिकवलं होतंस. नाही वाटत. छातीवर होतं ते तिथेच आहे. राहाबेचं तू लिहिलंस त्यावर मी पुष्कळ विचार केला. तिने खोटं बोलून दुसऱ्याला वाचवलं होतं. माझ्या खोट्याने मीच वाचणार होते. एवढा फरक मला पुरला. आखानाच्या शेवटाचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही, आणि ते दिसेपर्यंत मी तिथे खूण करणार नाही. तूही करू नकोस. तिथे मला प्रार्थना जमत नाही, पण निदान न वाचता पुढे जायचं नाही इतकं ठरवलं आहे. पन्नासच्या वर अध्याय मागे आहे. भरून काढणार नाही.

तुझ्यावर राग नाही. पान फाडताना तुझे हात कसे झाले असतील ते मला दिसतं. पण सभेत त्या सिस्टरचं नाव अजून त्या प्रार्थनेत आहे, आणि ते तूच काढू शकतेस.

हॉस्पिटलच्या वसाहतीतली ही खोली मला २९ तारखेला सकाळी दहापर्यंत रिकामी करायची आहे. सामान दोन पेट्या आहे. माझ्याकडे दुसरं घर नाही. या दारात येऊ नकोस असं तू लिहिलं आहेस, आणि तू लिहितेस ते मी खरं धरते. म्हणून विचारते. येऊ की नको? कारण लिहायची गरज नाही, एक शब्द पुरे. पत्र माझ्या हाती २६ तारखेपर्यंत पडेल असं टाक.

तुझी,
भाची